सामुराई वाड्याचा दरवाजा कसा पाहावा: उएनोचा काळा आणि होंगोचा तांबडा, एका दिवसात, योग्य क्रमाने

टोकियोत माझ्याकडे येणारे पाहुणे दोन दिवस मॉल आणि मंदिरे हिंडतात आणि तिसऱ्या दिवशी म्हणतात, "सामुराई राहायचे तसला एखादा वाडा दाखव ना." शहरात तसा अख्खा वाडा दाखवणे अवघड आहे. सरदारांच्या वाड्यांचे काही दरवाजे मात्र उभे आहेत, आणि त्यातले दोन उत्तम दरवाजे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. उएनोला कुरोमोन म्हणजे काळा दरवाजा आणि होंगोला आकामोन म्हणजे तांबडा दरवाजा.

तरीही जाऊन आलेल्यांपैकी निम्मे लोक हिरमुसून परततात. कोणी सोमवारी गेले, कोणी भलत्याच कुरोमोनला पोहोचले, कोणी सकाळी आकामोनला जाऊन उन्हाविरुद्ध काळेकुट्ट फोटो काढून आले. काहीजण दरवाजासमोर दोन मिनिटे उभे राहिले आणि "एवढंच?" म्हणून निघाले. म्हणून हे सगळे सविस्तर लिहितो आहे. क्रम बदलू नका, प्रत्येक पायरीमागे कारण आहे.

## १. आधी कोणता दरवाजा ते पक्के करा

निम्म्या चुका इथेच होतात. नकाशात नुसते "कुरोमोन" टाकले की ओसाकाचा कुरोमोन बाजार पुढे येतो. तो खाण्यापिण्याचा बाजार आहे, आणि तोही दुसऱ्या शहरात. दुसरा घोटाळा त्याहून फसवा. उएनोच्या कानएइजी मंदिरालाही एक कुरोमोन होता. १८६८ च्या लढाईतल्या गोळ्यांची भोके असलेला तो दरवाजा आता आराकावा भागातल्या एन्त्सूजी मंदिरात आहे. तोही पाहण्यासारखा आहे, पण तो मंदिराचा दरवाजा, सरदाराच्या वाड्याचा नव्हे.

आपल्याला हवा तो कुरोमोन टोकियो राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवाराला लागून, रस्त्याच्या कडेला उभा आहे. तोत्तोरी संस्थानच्या इकेदा घराण्याच्या टोकियोतल्या वाड्याचा हा मुख्य दरवाजा. (पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे, ती बाग याच इकेदांच्या दुसऱ्या शाखेची.) आकामोन टोकियो विद्यापीठाच्या होंगो आवाराच्या कडेला आहे. तो कागाच्या माएदा घराण्याचा, १८२७ सालचा.

वाड्याचा दरवाजा ओळखायची साधी खूण सांगतो. दोन्ही बाजूंना राक्षसासारखे दिसणारे द्वारपाल असतील तर ते बौद्ध मंदिर. भिंत नाही, दारे नाहीत, नुसते दोन खांब आणि वर आडव्या तुळया असतील तर ती शिंतो देवस्थानाची तोरी. चौफेर दगडी तट आणि खंदक असेल तर किल्ल्याचा दरवाजा. मुख्य दाराच्या दोन्ही अंगांना जाळीदार खिडक्यांच्या चौक्या असतील, तर तो आपला.

तपासून घ्या: नकाशात "टोकियो राष्ट्रीय संग्रहालय" शोधा, मग त्याच्या नैऋत्य कोपऱ्याकडे दरवाजाची खूण पाहा. दोन्ही ठिकाणांच्या जपानी नावांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. रस्त्यात कोणाला विचारायचे झाले तर तोच दाखवायचा.

## २. वार आणि वेळ ठरवा

शनिवार किंवा रविवार निवडा. कुरोमोन रस्त्यावरून रोज दिसतो, पण त्याची दारे शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच उघडतात, सकाळी १० ते दुपारी ४. हवा खराब असेल तर त्या दिवशीही उघडत नाहीत. संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते, आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ते सोमवारी उघडे राहून मंगळवारी बंद असते. मी मावशी-काकांना पहिल्यांदा नेले ते नेमके अशाच एका मंगळवारी. काकांचे गुडघे दुखत होते, मावशी बाकावर बसून राहिली, आणि बंद दारासमोरून परत यावे लागले. तेव्हापासून आदल्या रात्री संकेतस्थळ पाहिल्याशिवाय मी घर सोडत नाही.

आता उन्हाचा हिशेब. आकामोनचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो, दर्शनी बाजू सावलीत जाते आणि तांबडा रंग मातकट दिसतो. दुपारी दोननंतर ऊन समोरून पडते आणि तोच रंग शेंदरासारखा खुलतो. कुरोमोनचे तोंड साधारण दक्षिणेकडे असल्यामुळे तिथे सकाळचे दहा-अकरा चांगले. म्हणून सकाळी उएनो, दुपारी होंगो. उलट केले तर दोन्हीकडे घाटा.

डिसेंबरात टोकियोचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. त्या दिवसांत होंगोला दोनपर्यंत पोहोचायलाच हवे. उन्हाळ्यात घाई नसते, मात्र जुलै-ऑगस्टचा उकाडा आपल्या मे महिन्याइतकाच दमवतो.

टाळायचे दिवस: फेब्रुवारीची २५ आणि २६ तारीख. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षा असतात, आवारात बाहेरच्यांना मज्जाव असतो. जानेवारीच्या मध्यावरही परीक्षेमुळे असेच होते. मे महिन्यातल्या विद्यार्थी महोत्सवात आवार माणसांनी फुलून जाते, तेव्हा शांतपणे पाहणे होत नाही.

## ३. पिशवीत काय घ्यायचे

छोटी दुर्बीण. घरी असेल तर नक्की घ्या, नसेल तर फोनचा झूम. या दरवाजांवरच्या सगळ्यात बोलक्या खुणा छपराच्या कौलांवर आहेत आणि नुसत्या डोळ्यांना त्या नीट दिसत नाहीत.

पाण्याची बाटली, चालायचे बूट आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, कारण जपानमध्ये रस्त्यावर कचरापेट्या जवळपास नसतातच. शाकाहारी असाल तर डबा घ्याच. दुकानातल्या ओनिगिरीत म्हणजे भाताच्या गोळ्यात मासा दिसला नाही तरी माशाचा अर्क असू शकतो. दशम्या आणि चटणी उएनो बागेतल्या बाकावर बसून खाल्ली तर कोणी काही म्हणत नाही.

भाड्याच्या सायकलीवरून हे फिरू नका. दरवाजासमोर उभे राहायला वेळ लागतो आणि सायकल लावायला जागा मिळत नाही.

## ४. उएनोला पोहोचा आणि दरवाजाकडे बाहेरून जा

जेआर रेल्वेच्या उएनो स्थानकात उतरलात तर "पार्क" असे लिहिलेल्या दाराने बाहेर पडा. निशी-कासाई या भारतीयांच्या वस्तीच्या भागात उतरलेले मराठी पाहुणे असतील त्यांनी तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथे गिन्झा लाइन पकडून उएनो. स्थानकापासून संग्रहालय दहा मिनिटांवर आहे.

संग्रहालयाच्या मुख्य दारासमोर आलात की आत शिरू नका. तोंड संग्रहालयाकडे ठेवून डावीकडे वळा आणि कुंपणाच्या कडेने चालत राहा. थोड्याच वेळात उजव्या हाताला काळपट लाकूड आणि भारदस्त कौलारू छप्पर दिसू लागेल.

खबरदारी: तिकीट काढून आधी आत गेलात तर दरवाजा पाठीमागून दिसतो आणि पहिली छाप बिघडते. हा दरवाजा रस्त्यावरच्या माणसासाठी बांधला होता. मालक किती मोठा आहे हे बाहेर उभ्या माणसाला न विचारता कळावे, हेच त्याचे काम. ते रस्त्यावरूनच अनुभवायला हवे.

## ५. कुरोमोन पाहण्याचा क्रम: लांबून, मग चौक्या, मग दार

लोक सरळ दाराला भिडतात, लोखंडी पट्ट्यांसमोर सेल्फी घेतात आणि मोकळे होतात. तसे करू नका. निदान वीस मिनिटे द्या आणि तीन अंतरांवरून पाहा.

पहिले अंतर, रस्त्याच्या पलीकडून. आधी नुसते छप्पर बघा. वरचा भाग दोन बाजूंनी उतरतो आणि खाली पोहोचेपर्यंत चारही बाजूंनी पसरतो. जपानीत याला इरिमोया म्हणतात. नुसत्या दरवाजावर असे छप्पर म्हणजे मोठा मान. त्या काळी किती कोकू उत्पन्नाच्या सरदाराने कसा दरवाजा बांधायचा याचे दंडक होते. एक कोकू म्हणजे साधारण १५० किलो तांदूळ, आणि तोत्तोरीचे उत्पन्न सव्वातीन लाख कोकूंच्या घरात. हा आकडा डोक्यात ठेवून छपराकडे पुन्हा एकदा पाहा.

दुसरे अंतर, आठ-दहा पावलांवरून. आता दाराकडे न बघता त्याच्या दोन्ही अंगांना बघा. तिथे चौक्या आहेत, जपानीत बान्शो. आपल्या वाड्यांच्या देवडीचे काम इथे या चौक्या करत. फरक एवढाच की आपली देवडी दाराच्या आत असते आणि ही चौकी भिंतीतून पुढे, रस्त्याकडे आलेली असते. आत बसलेल्या पहारेकऱ्याला जाळीतून रस्त्याची दोन्ही टोके दिसावीत म्हणून ती पुढे काढलेली. एका चौकीसमोर उभे राहून जाळीच्या गजांकडे नीट पाहा. गज उभे, एकमेकांजवळ. बाहेरून आतले माणूस दिसत नाही, आतून बाहेरचा सगळा रस्ता दिसतो.

मग मान वर करा. चौकीच्या छपराची पुढची कड मध्ये फुगते आणि दोन्ही टोकांशी उलटी वळून खाली येते, जणू कोणी सावकाश धनुष्य वाकवले आहे. ही काराहाफू. एका बाजूची बघून झाली की दुसऱ्या बाजूची बघा. चौक्या दोन्ही बाजूंना आहेत आणि दोन्हींवर अशी वळणदार कड आहे. दोन्हीकडे असणे हीसुद्धा दर्जाची खूण होती.

तिसरे अंतर, हाताच्या अंतरावर. आता दाराशी जा. मोठ्या दाराशेजारची लहान दारे बघा. रोजची ये-जा त्यातून व्हायची, मोठे दार मालकासाठी आणि खास पाहुण्यांसाठी. दिंडी दरवाजा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. लाकूड पाहा, लोखंडी जोडकाम पाहा, पण हात लावू नका.

खबरदारी: दार उघडे असेल तेव्हा उंबऱ्यावर पाय देऊ नका. उंबरा तुडवणे जपानमध्येही अशिष्ट समजतात. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण उंचवटा दिसला की त्यावर उभे राहायचा मोह त्यांना हमखास होतो.

तपासून घ्या: इथून हलण्यापूर्वी सोबतच्या माणसाला विचारा, "चौक्या किती होत्या आणि छपराला किती बाजूंनी उतार होता?" उत्तर आले नाही तर पुन्हा रस्त्याच्या पलीकडे जा.

## ६. आत वाडा शोधू नका

मावशीने विचारले होते, "अगं बाई, मग वाडा कुठाय?" प्रश्न रास्त आहे. हा दरवाजा मूळचा मारुनोउचीचा, म्हणजे आज जिथे कचेऱ्यांचे उंच मनोरे आहेत त्या भागातला. १८९२ मध्ये तो ताकानावाला हलवला आणि १९५४ मध्ये इथे आणून उभा केला. त्यामुळे त्याच्या मागे इकेदांचे काहीही नाही. सरदारांच्या वाड्यांना दरवाजाच्या दोन्ही अंगांना शिपायांच्या खोल्यांची लांबच लांब ओळ असे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दरवाजा त्या ओळीचा मध्य म्हणून दिसे. ती ओळ मनातल्या मनात दोन्हीकडे लांबवून पाहा. मला स्वतःला दरवाजा खरा समजला तो असे केल्यावरच.

दारे उघडी असतील आणि संग्रहालय पाहायचे असेल तर आता मुख्य दाराशी परत जा, तिकीट काढा आणि कुरोमोन आतल्या अंगाने पाहा. कायमच्या प्रदर्शनाचे तिकीट मोठ्यांना १,००० येन असे मी घेतले होते. दर बदलू शकतात, आदल्या रात्री संकेतस्थळ उघडाल तेव्हा तेही बघून घ्या. संग्रहालयात शिरलात तर दोन तास सहज जातात, म्हणून बारापर्यंत बाहेर पडायचे हे आधीच ठरवा. आजचा दिवस दरवाजांचा आहे.

## ७. उएनोहून होंगोला चालत जा

दोन किलोमीटरच्या आसपास अंतर, रमतगमत चाळीस मिनिटे. बसची वाट बघण्यात तेवढाच वेळ जातो.

बागेतून दक्षिणेकडे उतरा, शिनोबाझू तळ्यापाशी या. तळ्याच्या मधल्या बेटावर बेंतेनदो हे देऊळ आहे. बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर जपानला गेलेली. तिला नमस्कार करून पश्चिमेच्या काठावर या, मोठा रस्ता ओलांडा आणि मुएनझाका हा चढ धरा. डाव्या हाताला जुन्या इवासाकी बंगल्याची विटांची भिंत लागते. चढ संपला की विद्यापीठाच्या रुग्णालयाकडचे दार येते.

खबरदारी: इथून पुढे रुग्णालयाचा परिसर आहे. आवाज खाली ठेवा, रुग्णांचे फोटो येतील असा कॅमेरा फिरवू नका, आणि रुग्णवाहिकेच्या वाटेत थांबू नका.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हा चढ टाळावा. उएनोहून टॅक्सी करून थेट आकामोनसमोर उतरावे, खर्च फार होत नाही.

## ८. आकामोनपाशी: दार बंद असेल, त्याने निराश होऊ नका

इथेही बरेच लोक चुकतात. फोटोंमध्ये आकामोनच्या उघड्या दारातून विद्यार्थी ये-जा करताना दिसतात, म्हणून लोक त्याच दाराने आत जायच्या तयारीने येतात. भूकंपात तग धरण्याइतकी मजबुती नसल्याचे आढळल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने हे दार बंद केले. निघण्यापूर्वी विद्यापीठाची ताजी सूचना वाचा. बंद असेल तर आत-बाहेर करायला होंगो रस्त्याने थोडे उत्तरेला असलेले विद्यापीठाचे मुख्य दार वापरा.

आवारातून आलात तरी आधी बाहेर पडा आणि होंगो रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर जा. रस्ता सिग्नललाच ओलांडायचा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे नजर चुकत नाही, पण वर्दळ मोठी असते. १९०३ मध्ये हा दरवाजा सुमारे पंधरा मीटर रस्त्याकडे सरकवला. तो आता फुटपाथच्या इतका जवळ आहे की अलीकडून पूर्ण मावत नाही.

पलीकडून या चार गोष्टी शोधा, याच क्रमाने.

१. रंग. सरदाराने शोगुनच्या, म्हणजे त्या काळी जपानवर प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या सेनापतीच्या, मुलीशी लग्न केले की तिच्या निवासाला लाल दरवाजा करत. इथे माएदा नारियासू आणि अकरावा शोगुन तोकुगावा इएनारीची मुलगी योहिमे यांचे लग्न.

२. चौक्या. कुरोमोनसारख्याच दोन, वर वळणदार कड. सकाळचे चित्र आठवून तुलना करा.

३. बाजूच्या भिंती. काळ्या फरशा आणि त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याचे फुगीर पट्टे, जाळे केल्यासारखे. या भिंतीला नामाको म्हणतात. समुद्रतळाशी राहणाऱ्या नामाको नावाच्या लांबट जिवासारखा तो पट्टा गोल फुगलेला दिसतो म्हणून.

४. कौले. आता दुर्बीण काढा. कडेच्या गोल कौलांवर मध्ये एक टिकली आणि भोवती पाच गोल पाकळ्या दिसतील. ते माएदांचे आलुबुखाराच्या फुलाचे चिन्ह. नजर वर आढ्याकडे न्या. तिथे वर्तुळात तीन पाने, बेलाच्या त्रिदळासारखी, फक्त तिन्हींची टोके मध्याकडे वळलेली. ते तोकुगावांचे. नवऱ्याचे चिन्ह खाली आणि बायकोच्या माहेरचे वर, सगळ्या रस्त्याला दिसेल असे! विद्यापीठाच्या काळात बसवलेल्या कौलांवर "विद्या" या अर्थाचे जपानी अक्षर आहे, तेही शोधा.

तपासून घ्या: दोन्ही चिन्हे दिसली का? फोटो मोठा करून पाहा. दिसत नसतील तर उन्हाची तिरीप बदलेपर्यंत दहा मिनिटे थांबा. मला पहिल्या खेपेला तोकुगावांची पाने दिसलीच नव्हती, कारण मी सकाळी गेलो होतो.

मग मुख्य दाराने आवारात या आणि दरवाजा पाठीमागून पाहा. कुंपण असेल तिथे थांबा. आतून पाहताना एक बारकावा कळतो. दारे ज्या मोठ्या खांबांना लावली आहेत ते छपराच्या आढ्याच्या बरोबर खाली नाहीत, थोडे रस्त्याकडे पुढे आहेत, आणि मागचा भार आतल्या अंगाचे आधाराचे खांब पेलतात. अशा बांधणीला याकुइमोन म्हणतात. कुरोमोनची घडण वेगळी आहे, हे सकाळी नीट पाहिलेल्याला लगेच जाणवते.

## ९. फोटो आणि शिष्टाचार

तिवई फुटपाथवर उभी करू नका. ड्रोन अजिबात नको. माणसांचे चेहरे येत असतील तर विचारा: "शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?" म्हणजे फोटो काढू का. लग्नाआधीचे फोटोशूट करायचे मनात असेल तर आधी परवानगी मागा. विद्यापीठात वर्ग चालू असतात आणि पाहुण्यांना फिरू देणे हा त्यांचा चांगुलपणा आहे. दहापेक्षा जास्त माणसे असतील तर दोन गटांत जा.

## १०. दिवस उरला तर

आवारातले सान्शिरो तळे पाहा. माएदांच्या बागेतले ते तळे अजून आहे. कुरोमोनला न मिळालेली गोष्ट, म्हणजे दरवाजामागे मालकाच्या घरचे काहीतरी असणे, ती इथे थोडीफार मिळते. पायऱ्या ओबडधोबड आणि पावसात निसरड्या असतात, वडीलधाऱ्यांचा हात धरा.

तिसरा दरवाजा पाहायची हौस असेल त्यांनी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. आकासाका भागात यामावाकी गाकुएन या मुलींच्या शाळेच्या आवाराशी ओकाझाकीच्या होंदा घराण्याच्या वाड्याचा १८६२ चा दरवाजा आहे. पन्नास हजार कोकूंच्या सरदाराचा दरवाजा लाखो कोकूंच्या दरवाजांहून कसा वेगळा, हे तिथे दिसते. शाळा आहे, तेव्हा रस्त्यावरूनच पाहायचे आणि मुलींच्या येण्याजाण्याच्या वेळा टाळायच्या.

परतीला आकामोनपासून दक्षिणेकडे चालत होंगो-सानचोमे स्थानक गाठा, साधारण आठ मिनिटे. निशी-कासाईला जाणाऱ्यांनी मारुनोउची लाइनने ओतेमाची, तिथून तोझाई लाइन. संध्याकाळी पाचनंतर तोझाईला चिक्कार गर्दी असते, म्हणून वडीलधारी माणसे बरोबर असतील तर साडेचारच्या आत गाडीत बसा.